सातवी गोळी

टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरनं रिव्हॉल्व्हरमधून सातवी गोळी झाडली, की आमच्या काकाजींच्या पोटात कळ उठायची. थापा नाही मारत. लाखनीला त्यांच्या घरी मी चार वर्षं भाडेकरू होते आणि ही कळ मी या डोळ्यांनी पाहिलेली आहे. पाचव्या गोळीपर्यंत माणूस खुशाल असायचा. सहाव्या गोळीला मान पुढं यायची. आणि सातवा धडाका झाला रे झाला, की दोन्ही हात पोटावर दाबून असे विव्हळायचे, की वाटावं ती यांनाच लागली. "अरे, सहाचीच जागा आहे ना रे त्याच्यात! सातवी कोठून आणली? खिशातून काढून फेकून मारली का?"

काकाजी भंडाऱ्याला पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात हवालदार होते. जन्मभर त्यांनी एकच काम केलं. ड्यूटीवर जाणाऱ्या शिपायाला बंदूक द्यायची, आला की परत घ्यायची, खोलायची, पुसायची, तेल लावून जागेवर उभी करायची. निवृत्त होऊन त्यांनी लाखनीला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, घर बांधलं आणि वरची खोली भाड्यानं द्यायला काढली. मी भूगोलाची मास्तरीण, आंधळगावहून नवी बदलून आलेली. खोली पाहायला गेले, तर भाडं नाही, पाणी नाही, लाइट नाही, त्यांचा पहिला प्रश्न, "बाई, सिनेमा पाहता का?"

"पाहते की."

"पाहताना मोजता का?"

काय मोजायचं, असं मी विचारलं. त्यांनी बायकोकडे पाहून मान हलवली. "राहू दे इथं. शिकतीन हळूहळू."

शिकले हो, शिकले. आज इतक्या वर्षांनीसुद्धा टीव्हीवर धडाधड सुरू झालं की माझी बोटं आपोआप दुमडायला लागतात, आणि शेजारी बसलेला माझा नवरा म्हणतो, "झाली हिची सुरुवात." ही लागण त्या घरातली आहे.

काकूंना शनिवारी संध्याकाळी लागणारी एका इन्स्पेक्टरची मालिका फार आवडायची. आता या नवऱ्याबरोबर ती बघायची कशी? शेवटी त्यांनी फर्मान काढलं. मालिका चालू असेपर्यंत काकाजींनी स्वयंपाकघरात बसायचं, सुपात तांदूळ घेऊन निवडायचे आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. काकाजी शिस्तीचे. वरिष्ठांचा हुकूम आला म्हणजे आला. पण हुकमात कानांबद्दल काही नव्हतं ना! समोरच्या खोलीत आम्ही तिघी, म्हणजे मी, काकू आणि त्यांची मुलगी सुजाता, श्वास रोखून बसलेल्या. इन्स्पेक्टर खुन्याच्या मागे धावतोय. आणि आतून संथपणे आवाज येतोय, "चार... पाच... सहा... घ्या! सात! आठ! हा रिव्हॉल्व्हर आहे का बोअरवेल?"

"तुम्ही तांदूळ पाहा जी!" काकू ओरडायच्या.

"तांदूळच पाहून राहिलो. त्याच्यातले खडे सरतात, पर या बुवाच्या गोळ्या काही सरत नाहीत."

गोळ्यांचं दुखणं सगळ्यात मोठं, पण बाकीची काही कमी नव्हती. इन्स्पेक्टरच्या रिव्हॉल्व्हरला दोरी का नाही? खऱ्या पोलिसाचं रिव्हॉल्व्हर दोरीनं अंगाशी बांधलेलं असतं, हिसकलं तरी जाऊ नये म्हणून. हा तर हातात नाचवत हिंडतो! धमकी देताना दर वाक्याला पिस्तुलाचा वरचा भाग खाटकन मागे का ओढतो? "आत भरलेली गोळी दर वेळी बाहेर पडन ना! तीन धमक्या देल्ल्या तर तीन गोळ्या जमिनीवर. चोर वाकून वेचन अन् म्हनन, साहेब, तुमच्या पडल्या." खुनाच्या जागी सापडलेलं पिस्तूल नळीत पेन खुपसून उचलतात, ते पाहून तर त्यांना घामच फुटायचा. "नळीत पेन! अरे, नळीत बोटभर धूळ गेली तर आम्ही शिपायाले पूर्ण मैदान पळवत होतो." आणि रिकाम्या पुंगळ्या? गोळी सुटली की मागे उरतं ते पितळी टरफल, ती पुंगळी. "गोळ्या झाडून सारे जन गाडीत बसून चालले. पुंगळ्या कोन वेचन, याचा बाप?"

पुंगळ्यांचं खरंच तसं असायचं म्हणे. गोळीबाराचा सराव झाला, की जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत आल्याशिवाय कोणी जेवायला जात नसे. एकदा एक कमी भरली. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे भर उन्हात गवतात गुडघ्यांवर. दोन तासांनी ती एका शिपायाच्या बुटात सापडली. काकाजी ही गोष्ट सांगताना अजूनही त्या शिपायावर चिडायचे. "चालताना टोचली नाही का बे तुले?"

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, तेव्हा ते नोकरीतच होते. लोकांना त्या फाळणीचं काय वाटलं असेल ते असो, काकाजींच्या घरी सुतक आलं होतं, कारण शस्त्रागाराचीही वाटणी झाली. काही रायफली तिकडं गेल्या. काकाजींनी त्या स्वतः खोक्यात भरल्या, आणि महिन्याभरात रजा टाकून एसटीनं गोंदियाला गेले, त्यांना तेलपाणी नीट मिळतंय का बघायला. सासरी गेलेल्या पोरीकडे बाप जातो तसे गेले. "ज्याच्याकडे गेल्या तो मानूस बरा होता," आल्यावर काकूंना म्हणाले, "पर चिंधी जाडी वापरते."

घरात वस्तू देण्याघेण्याचीही त्यांची रीत होती. शस्त्र हातात द्यायचं तर खोलून दाखवायचं, रिकामं आहे हे दोघांनी डोळ्यांनी पाहायचं, मग द्यायचं. हे अंगात इतकं मुरलं होतं, की काकू त्यांना जेवणाचा डबासुद्धा झाकण उघडून, दाखवून द्यायच्या. विळा मुठीकडून. टॉर्च जमिनीकडे तोंड करून. माझी छत्री त्यांनी एकदा मागितली, मी तशीच टोक पुढं करून दिली, तर साठी ओलांडलेला माणूस टुणकन बाजूला झाला. "बाई! छत्री आहे म्हनून काय झालं?"

एकदा भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये त्यांनी भर सिनेमात उभं राहून पडद्याला जाब विचारला होता. पडद्यावरचा शिपाई जुनी थ्री नॉट थ्री घेऊन धाड धाड धाड मारत सुटला होता. त्या रायफलीत दर गोळीला हातानं बोल्ट ओढावा लागतो, त्याशिवाय पुढची गोळी जागेवर येतच नाही. "बोल्ट कोन वढून राहिलं?" काकाजी ओरडले. "दाखव! हात दाखव तुहा!" दारावरचा माणूस ओळखीचा निघाला. तो नम्रपणे येऊन म्हणाला, "हवालदारसाहेब, पुढच्या शुक्रवारी देवाचा पिच्चर लागते. तेव्हा या."

मी एकदा त्यांना समजवायला गेले. माझीच अक्कल. म्हटलं, "काकाजी, करमणूक आहे हो ती. इतकं काय मनाला लावून घेता?"

ते सुपातून मान न काढता म्हणाले, "बाई, पोरानं नकाशात वैनगंगा नागपुरातून नेली, तर तुम्ही म्हनान का, राहू दे, करमनूक आहे?"

मी मुकाट्यानं वर निघून गेले. असल्या माणसाशी वाद घालू नये.

इथवर सगळी गंमत होती. मग सुजाताचं लग्न निघालं, आणि ती गंमत सगळ्यांच्या गळ्याशी आली.

सुजाता ग्रामीण रुग्णालयात नर्स. सत्तावीस वर्षांची, बापासारखी ताठ आणि आईसारखी हसरी. मामेबहिणीच्या लग्नात तिला लाखांदूरचा सिद्धार्थ भेटला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि रीतीप्रमाणे घरच्यांना पुढं केलं. मुलगा मुंबईत नोकरीला, एवढंच काकाजींना माहीत होतं. कसली नोकरी, ते सुजाताला माहीत होतं, मला माहीत होतं, काकूंना अर्धवट माहीत होतं. तिघींनी मिळून ठरवलं, की एकदा पोरगा समोर बसू दे, बोलू दे, आवडू दे, मग सांगू. आमच्यासारख्या शहाण्या आम्हीच.

सिद्धार्थ, त्याची आई आणि मामा साकोलीला बस बदलून आले. पोरगा मोठा गोड होता. वाकून जय भीम केला, पाणी घेताना दोन्ही हात पुढं केले. काकाजींनी दिलेला अडकित्ता त्यानं मुठीकडून घेतला, आणि मी सुजाताला कोपरानं ढोसलं. मग काकाजींनी विचारलं, "मुंबईले काय करता तुम्ही?"

"मालिकेवाल्यांना बंदुका पुरवतो, काकाजी. नकली."

काकाजींनी हात पुढं करून अडकित्ता परत घेतला.

"कोनत्या मालिकेवाल्यांले?"

त्यानं नाव सांगितलं. तीच ती. शनिवारची. काकूंनी हातातला ट्रे टेबलावर ठेवून दिला.

"म्हंजे सहाच्या रिव्हॉल्व्हरातून अकरा गोळ्या झाडते, तो तुमचा आहे?"

"झाडणारा माहा नाही जी. रिव्हॉल्व्हर माहा आहे."

"मंग सातवी गोळी कोन देते त्याले?"

"एडिटर देते, काकाजी," सिद्धार्थ प्रामाणिकपणे म्हणाला. "आवाज मागून टाकतात. मी तर सहाच देतो. मी सांगतोही, सहा झाल्या, आता भरा. पर डायरेक्टर म्हनते, लोक कुठं मोजतात?"

अरे देवा. मी डोळे मिटून घेतले.

काकाजी शांतपणे उठले. ते चिडले असते तर परवडलं असतं. "लोक मोजतात," ते म्हणाले. "मी मोजतो. पोरा, तू खोटं नाही बोलला, मले आवडलं. पर चूक आहे हे ज्याले मालूम आहे अन् तरी जो रोज ते हातात देते, त्याले मी माही पोरगी कशी देऊ? ज्या दिवशी तुमचा इन्स्पेक्टर सहा झाल्यावर थांबन, खोलन अन् भरन, त्या दिवशी तारीख काढू." एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले आणि सूप घेऊन बसले. सिद्धार्थचे मामा माझ्याकडे पाहून विचारत होते, "हे हो म्हनाले का नाही म्हनाले?"

त्या आठवड्यात घरात जे महाभारत झालं ते विचारू नका. काकू नवऱ्याशी बोलेनात. मी तोंड सोडून भांडले. म्हटलं, टीव्हीतल्या गोळ्यांपायी पोरीचं आयुष्य मोडता? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? भाडेकरूनं मालकाशी बोलायची ही रीत नव्हे, पण माझा संताप आवरेना. काकाजी ऐकून घ्यायचे आणि सुपातले खडे वेचायचे. सुजाताला मी म्हटलं, तू सज्ञान आहेस, कमावतेस, रजिस्टर लग्न कर, मी साक्षीदार होते. ती म्हणाली, "बाई, बाबा हव म्हनल्याशिवाय मी हे लगन करणार नाही. अन् दुसरंही करणार नाही." तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. इंजेक्शनं देऊन देऊन घट्ट झालेली पोरगी, भिंतीकडे तोंड करून रडत होती.

सिद्धार्थ बिचारा तिकडं रोज डायरेक्टरच्या मागे लागला. माझ्याकडे नवाच मोबाइल आलेला, त्यावर त्याचा फोन यायचा आणि सुजाता तो घेऊन गच्चीवर जायची. बातम्या काही बऱ्या नसायच्या. डायरेक्टर म्हणे, हीरो गोळ्या भरत बसला तर लोक चॅनल बदलतील. मग म्हणे, तुझी बंदूक तू सांभाळ, माझी गोष्ट मी सांभाळतो. मग एकदा म्हणे, पुन्हा हा विषय काढलास तर दुसरा बंदूकवाला पाहीन. इकडं सिद्धार्थच्या आईनं निरोप धाडला, की धान कापणीपर्यंत थांबते, मग पोराला दुसरी मुलगी पाहीन. तिचंही काय चुकलं? आणि दर शनिवारी आतून तोच संथ आवाज, "सात... आठ... नऊ..." दर आकड्याला सुजाताचा चेहरा उतरायचा.

कापणी सुरू झाली. त्या शनिवारी मालिकेत भात गिरणीच्या गोदामातला शेवट होता. खुनी पोत्यांमागे, इन्स्पेक्टर दाराशी. आम्ही तिघी बसलेल्या. मन कोणाचंच नव्हतं, सवयीनं बसलेल्या.

"एक," आतून आवाज आला. "दोन... तीन."

थोडी पळापळ.

"चार. पाच... सहा."

आणि मग काहीच नाही. आम्ही पडद्याकडे बघतच राहिलो. आत सुपाची सळसळ थांबली.

"टीव्ही बंद पडला का?" काकाजींनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

"लाइन गेली?"

"नाही ना जी!"

"मंग सातवी काहून नाही येऊन राहिली?"

काकाजी सूप हातात घेऊन दारात आले. पडद्यावर इन्स्पेक्टर पोत्याआड बसला होता. आता फक्त हात दिसत होते. हातांनी रिव्हॉल्व्हर खोललं, रिकाम्या पुंगळ्या झटकल्या. त्या फरशीवर पडल्याचा आवाज आला. बोटांनी खिशातून गोळ्या काढल्या आणि एकेक भरायला सुरुवात केली. बोटं थरथरत होती. एक गोळी भोकाला लागून निसटली आणि घरंगळत गेली. पलीकडून खुन्याची पावलं जवळ येत होती. मी काकूंचा हात इतका घट्ट दाबला, की त्यांची बांगडी माझ्या तळव्यात रुतली. मालिका इतकी वर्षं पाहत होतो, पण इन्स्पेक्टर मरेल अशी भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. दोनच गोळ्या भरून झाल्या, आणि हातांनी रिव्हॉल्व्हर मिटलं.

काकाजी होते तिथंच उंबऱ्यावर खाली बसले. शेवट काय झाला, ते त्यांनी पाहिलंच नाही.

"असंच असते," ते म्हणाले. "असाच थरथरते हात."

मग जे त्यांनी आम्हाला, बायकोलासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांच्याच हातून रायफल घेऊन गेलेले दोन शिपाई जंगलात गोळीबारात सापडले होते. एक परत आला. रायफल जमा करताना तो काकाजींपुढं उभा राहून म्हणाला, की हवालदार, गोळ्या सरतात हेच ध्यानात नव्हतं हो. मारतच गेलो. सरल्या तेव्हा भरायला हातच चालेना. मी भरेपर्यंत जोडीदार गेला. "परत आला तेही पोरगंच होतं, बाई," काकाजी म्हणाले. "लहानपनापासून सिनेमे पाहून पोलिसात आलतं. मी त्याले नळी पुसाले शिकवलं, बोल्ट शिकवला. गोळ्या सरतात, हे वेगळं शिकवा लागते, असं मले वाटलंच नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. आणि मी या माणसाला डोकं ठिकाणावर आहे का विचारलं होतं, याची मला लाज वाटली.

"लावा त्याले फोन," ते म्हणाले.

मी नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. ते मोबाइलवर गावभर ऐकू जाईल असं बोलायचे, आणि पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं.

"पोरा, तो हात. त्या नटाले तसा थरथरवाले कोनी शिकवलं?"

"नटाचा नाही जी तो, काकाजी," सिद्धार्थ म्हणाला. "त्याले काही जमेना. गोळ्या भरनंच जमत नव्हतं. डायरेक्टर कंटाळला. म्हने, तुलेच हौस आहे ना, घाल तूच हात. तो माहा हात आहे."

"मंग तुले कोनी शिकवलं?"

पलीकडे सिद्धार्थनं कुठलंसं दार लोटून घेतलं.

"कोनीच नाही. आपोआप थरथरला. मी सोडेना म्हनून एकदाच घेऊ म्हनाले होते, चुकलं तर काढून टाकू म्हने. अन् तुम्ही मोजून राहिले असान, हे मले मालूम होतं ना."

काकाजींनी मोबाइल कानावरून खाली घेतला आणि डोळे पुसले. पलीकडून सिद्धार्थ घाबरून "हॅलो, हॅलो काकाजी" करत होता. शेवटी सुजातानं उठून त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"बाबा हव म्हनाले," ती फोनमध्ये म्हणाली.

काकाजी काहीच म्हणाले नव्हते. ते सूप मांडीवर घेऊन नुसती होकाराची मान हलवत होते.